बुडखा कितपत ठेवू?

झाड पाडणारी माणसं दिवसभरात फांद्या उतरवतात, खोडाचे ओंडके करून टेम्पोत भरतात आणि पाचच्या सुमारास मालकाला विचारतात, "साहेब, बुडखा कितपत ठेवू?" पुण्यातला बंगलेवाला यावर हमखास सांगतो, "अगदी जमिनीलगत घ्या." अंगण सपाट दिसावं, येता-जाता ठेच लागू नये, एवढाच त्याचा हिशेब. बुडखा पुढे उपटायचा असेल तर याहून महागडं वाक्य नाही. जमिनीवर ४ फूट खोड उभं असलं की ती आयती तरफ असते. साखळी वरच्या टोकाला बांधून ओढ दिली की खालची मुळं कुरकुरू लागतात. जमिनीलगत कापलेल्या बुडख्याला धरायलाच काही उरत नाही. डोक्याचा तुळतुळीत गोटा करून मग शेंडी शोधण्यातला हा प्रकार.

या संवादाच्याही आधी महापालिकेचा उद्यान विभाग येतो. महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांचा कायदा १९७५ चा आहे, आणि झाड स्वतःच्या कुंपणात असलं तरी ते पाडायला परवानगी लागते. पावसात आपोआप पडलेल्या झाडाचं जरा वेगळं. अग्निशमन दल येतं, रस्ता मोकळा करतं आणि निघून जातं. अंगणात उरलेला बुडखा तुमचा. असा कलंडलेला बुडखा फसवा असतो. मुळांची मातीसकट थाळी उभी राहिलेली असते आणि तिला आडव्या खोडाच्या वजनाने धरून ठेवलेलं असतं. खोड कापलं की ती थाळी धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकते. म्हणून कापताना खड्ड्यात कोणी उतरायचं नाही. पोरांनी आणि कुत्र्यांनी तर नाहीच.

बुडखा कोणत्या झाडाचा आहे यावर पुढचं सगळं ठरतं. गुलमोहराची मुळं उथळ आणि पसरट. खोदाई रुंद होते, खोल होत नाही. नारळाला सोटमूळच नसतं, बोटभर जाडीची शेकडो मुळं झुबक्याने खाली गेलेली असतात आणि ती कुऱ्हाडीने पटापट तुटतात. शिवाय शेंडा गेलेला नारळ पुन्हा फुटत नाही. कोयीपासून वाढलेला आंबा आणि चिंच मात्र सोटमूळ राखून असतात, आणि चिंचेचं लाकूड कुऱ्हाडीची धार खातं. सुबाभूळ मागे राहिली की महिन्याभरात हिरवे धुमारे फुटतात. पिंपळ-उंबराचंही तेच. त्यातून औदुंबर असला तर कुऱ्हाड लावायला पुष्कळ गडी तयार होत नाहीत. आधी नारळ फोडावा लागतो. तो फोडावा. वाद घालण्यात अर्धा दिवस जातो, नारळाला पाच मिनिटं लागतात.

मग जमीन. टेकड्यांच्या कडेला हात-दीड हात मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ. खोदणाऱ्याला हे ऐकून घाम फुटतो, पण यात एक बरी बाजू आहे: सोटमूळही त्या कातळापाशी अडतं आणि आडवं वळतं, म्हणजे पाताळापर्यंत जावं लागत नाही. नदीकडच्या जुन्या पेठांत भरावाची माती असते. तिथे विटांचे तुकडे, चुना, कौलं असं वाड्याचं सगळं दप्तर निघतं. काळी माती एप्रिलमध्ये दगड आणि जुलैमध्ये डिंक. म्हणून दसऱ्यानंतर, पाऊस ओसरून जमिनीत वापसा, म्हणजे ना चिखल ना ढेकूळ अशी ओल, आला की कुदळ हातात घ्यावी. शेतकऱ्याला पेरणीसाठी जो वापसा लागतो, तोच इथे उपटणीसाठी.

कुदळ मारण्याआधी अंगणाच्या पोटात काय आहे ते आठवून पाहावं. पालिकेच्या नळापासून जमिनीखालच्या टाकीकडे जाणारा पाइप, ड्रेनेजचं चेंबर, आर्थिंगचा खड्डा, महावितरणची केबल, आणि हल्ली गॅसची पिवळी नळी. जुन्या बंगल्यांत चिनी मातीचे ड्रेनेज पाइप असतात आणि मुळं त्यांच्या सांध्यांतून आत शिरलेली असतात. मूळ ओढलं की पाइपही सोबत येतो. यांपैकी काही जवळून जात असेल तर तेवढ्या बाजूला टिकाव बंद. खुरपं आणि हात.

आता खोदाई. २ फूट व्यासाचा बुडखा धरू. त्याच्या कडेपासून अडीच फुटांवर रिंगण आखायचं, म्हणजे ७ फुटांचं वर्तुळ झालं. ते ३ फूट खोल नेलं की ११५ घनफूट, म्हणजे एका ब्रासपेक्षा (१०० घनफूट) जास्तच माती-मुरूम निघतो. हा आकडा आधी सांगितला तर पुष्कळ लोक बुडख्यावर कुंडी ठेवून मोकळे होतात, आणि तोही काही वाईट निर्णय नाही. घरापासून लांब असलेला, वाटेत न येणारा बुडखा खुशाल राहू द्यावा. घराला खेटून असेल तर मात्र काढावा. कुजत्या लाकडाला वाळवी लागते, आणि तिथून दाराची चौकट तिला लांब नसते.

वरची माती आणि खालचा मुरूम वेगवेगळ्या ताडपत्रीवर टाकावा. ५ फुटी, इंचभर जाडीची पहार सहा-सात किलोंची भरते. जुन्या बाजारात मिळते आणि नव्याइतकीच चालते. मुळं उघडी पडू लागली की त्यांना पाइपने धुऊन घ्यायचं. हे काम चोचले वाटतं, पण चेनसॉची साखळी मातीला टेकली की काही सेकंदांत बोथट होते आणि मग यंत्र नुसतं धूर काढतं. मनगटाएवढं प्रत्येक मूळ दोनदा तोडायचं. आधी रिंगणाच्या कडेला, मग बुडख्याजवळ, आणि मधला दोन फुटी तुकडा बाहेर फेकायचा. एकदाच तोडलं तर दोन्ही टोकं जागच्या जागी फसून राहतात, बुडखा हलत नाही, आणि गडी म्हणतात, "अजून खाली मूळ आहे." खाली नसतं, समोरच असतं.

आजूबाजूची मुळं सुटली की उभ्या खोडाला चौघांनी डोलवून पाहावं. ज्या बाजूची माती उचकटत नाही, त्या बाजूला काहीतरी शिल्लक आहे. तिथे खालून बोगदा काढून सोटमूळ गाठायचं. ते तुटलं की मग ओढ. २ टनी पुली पुरते, पण आडवी ओढ द्यायची असेल तर दांड्याची, रॅचेटवाली घ्यावी. गोल साखळीची चेन पुली आडवी धरली की साखळी अडकते. दुसरं टोक मोठ्या जिवंत झाडाच्या बुंध्याला, साल सोलू नये म्हणून गोणपाट गुंडाळून. पोर्चच्या खांबाला बांधायची कल्पना कोणाला तरी सुचतेच. त्याला चहा आणायला पाठवावं. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. ४ फूट खोड आणि खालचा दीड फूट गड्डा मिळून १७ घनफूट होतात. ओलं लाकूड घनफुटाला पंचवीस-तीस किलो, म्हणजे साडेचारशे किलोंच्या घरातला ऐवज. खड्ड्याच्या एका बाजूला उतार काढून फळ्यांवरून तो वर घ्यायचा. मुरमात हे सगळं दोन गड्यांचं दोन दिवसांचं काम.

"जेसीबी बोलवा ना!" बोलवावा. फाटक १० फुटी असेल, वर तारा नसतील आणि यंत्राच्या वाटेत जमिनीखालची टाकी नसेल तर तासाभरात निकाल लागतो. यंत्राचं वजन साडेसात टनांच्या आसपास असतं. टाकीचा स्लॅब आणि पेव्हिंग ब्लॉक या वजनासाठी टाकलेले नसतात.

भोकं पाडून हिंग भरण्याचा जुना सल्ला आहे. हिंगाने बुडखा मेला असं धरलं, तरी मेलेला बुडखा आणि गेलेला बुडखा यांत फरक आहेच. मीठ तर नकोच. माती दगड होते आणि शेजारची जास्वंद जाते. रॉकेल ओतून पेटवलं तर ओला बुडखा जळत नाही, आणि सुका जळला तर मुळं जमिनीखाली कित्येक दिवस धुमसत राहतात. कुजवायचाच असेल तर यूरिया बरा. इंचभर रुंद, ८-१० इंच खोल भोकं चार-पाच इंचांवर पाडावीत, यूरिया भरून पाणी घालावं आणि वर ओलं गोणपाट. लाकडात नत्र अगदी कमी असतं, आणि बुरशीला ते आयतं मिळालं की ती कामाला लागते. गुलमोहर, शेवगा, पांगारा दोन-तीन पावसाळ्यांत भुसभुशीत होतात. चिंच आणि बाभूळ तुमच्यापेक्षा चिवट.

खड्डा भरताना आधी मुरूम, मग माती, ६-६ इंचांचे थर. प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, म्हणजे माती ठोकायचा जड ठोकळा. लाकडाचा चुरा आत लोटू नये, तो कुजतो आणि जमीन बसते. बुडख्याने अडवलेली जागा भरायला बाहेरून थोडी माती लागतेच. वर अर्धा फूट उंचवटा ठेवावा, एका पावसाळ्यात तो सपाट होतो. फरशीवाल्याला आत्ता बोलवू नये. त्याला पुढच्या दिवाळीची तारीख द्यावी. तोवर तिथे मोठी कुंडीही नको, महिन्याभरात तिरकी होते.