गोल्फची बॅग आधी उघडा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजसारख्या समुद्रकाठच्या मैदानांवर आठवडाभर खेळून जुलैत पुण्या-मुंबईला परतलात, तर कपड्यांच्याही आधी गोल्फची बॅग उघडा. तिकडचा पाऊस आत मुरलेला आणि इकडची हवा दमट. बुरशी धरायला वेळ लागत नाही.

खिसे रिकामे करून बॅग पंख्याखाली आडवी टाका. आयर्नसाठी, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या काठ्यांसाठी, बादलीत दोन-तीन बोटं कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे थेंब पुरेत. फक्त डोकं बुडवायचं, पाचेक मिनिटं. दांडा जिथे डोक्यात शिरतो तिथली काळी कडी पाण्याबाहेरच हवी. उकळतं पाणी तर नकोच, आतलं एपॉक्सी, म्हणजे डोकं दांड्याला धरून ठेवणारा गोंद, सैल पडतं. मग जुन्या टूथब्रशनं खाचांतली वाळू काढा. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची मोठ्या डोक्याची काठी, मात्र नुसता ओल्या फडक्यानं पुसा. ग्रिपवर सनस्क्रीन आणि घामाचा थर बसलेला असतो, त्यामुळेच ती निसटते. नवी घ्यायची घाई कशाला, साबणाच्या फडक्यानं पुसून बघा. पण ग्रिपच्या वरच्या टोकाच्या भोकातून पाणी गेलं तर स्टीलचा दांडा आतून गंजतो.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. हेअर ड्रायरनं तळवा उकलतो. चामडी हातमोजा पिळू नका, बोटं सरळ करून सावलीत पसरा.