मालवणची प्रवाळे पाहायला जाताना

जानेवारीत आम्ही चौघे मालवणला गेलो, ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाबाहेर पाण्याखाली वाढलेली प्रवाळे पाहण्यासाठी. हा भाग 13 एप्रिल 1987 रोजी सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर असून किल्ला, त्याच्याजवळचे पद्मगड हे छोटे बेट आणि आसपासचे बुडालेले खडक त्याच्या 3.18 चौरस किलोमीटरच्या गाभ्यात येतात. तरीही आमच्या होडीतल्या इतर पर्यटकांपैकी एकालाही आपण अभयारण्यात चाललो आहोत याची कल्पना नव्हती, आणि तशी ती कोणी दिलीही नाही.

दिवस निवडताना आम्ही पंचांग पाहिले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो आणि तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, पाणी त्यामानाने निवळ असते. सकाळी वारा सुटण्यापूर्वी निघालो म्हणून दोन-तीन वाव खोलीवरचा तळ दिसला. पानांसारख्या वळ्यांची टर्बिनारिया प्रवाळे खडकाच्या उतारावर थरांनी पसरली होती आणि पलीकडे पोराइट्स या दुसऱ्या प्रवाळाचे गोलसर ढेकूळ होते. असे ढेकूळ वर्षाला जेमतेम एखाद्या सेंटिमीटरने वाढते, त्यामुळे ढोपराएवढे प्रवाळ पाहताना आपण कित्येक दशकांची वाढ पाहत असतो.

येथली प्रवाळे मुळातच कष्टाने जगतात. खाड्यांमधून आणि नद्यांमधून पावसाळ्यात येणारा गाळ अंगावरून काढून टाकण्यासाठी त्यांना सतत चिकट स्राव सोडावा लागतो आणि त्यात त्यांची शक्ती खर्च होते. समुद्र नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जास्त असा बराच काळ तापून राहिला, तर त्यांच्या पेशींत राहून अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. तापलेला समुद्र एका प्रवाशाच्या हाती नाही. पण आधीच दमलेल्या प्रवाळावर नांगर टाकायचा की नाही, हे त्याच्या हाती निश्चितच आहे.

हे मी पाहिलेले लिहितो आहे. आमच्या पुढच्या होडीने थेट खडकावर नांगर टाकला आणि तो ओढताना टर्बिनारियाचा ताटाएवढा तुकडा मोडला. त्या ताज्या, पांढऱ्या कडेकडे पाहून मला फार वाईट वाटले. थोड्याच वेळात एका मार्गदर्शकाने माशांसाठी ब्रेड कुस्करला, मासे झुंडीने आले आणि त्यांच्यामागे धावताना दोघेजण प्रवाळांवरच उभे राहिले.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की पैसे देण्यापूर्वी, धक्क्यावर असतानाच, तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारावे: "दादा, नांगर वाळूवर टाकाल ना, की तरंगत्या बोयाला होडी बांधाल?" पाण्यात उतरल्यावर हे सांगून उपयोग होत नाही. आमच्या तांडेलाने हे ऐकून होडी वाळूच्या पट्ट्यावर नेली आणि आम्ही तिथून पोहत गेलो. पाच मिनिटे अधिक लागली, इतकेच. ब्रेड नको, हेही तेव्हाच सांगावे. पोहता येत नसेल तर जीवरक्षक जाकीट घालून पृष्ठभागावर तरंगत पाहावे, कारण घाबरलेला माणूस पाय टेकायला जागा शोधतो आणि ती जागा बहुधा प्रवाळाचीच असते. सनस्क्रीन चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. ऑक्सिबेन्झोनसारखी त्यातली काही रसायने प्रवाळांना घातक ठरतात. मोडून पडलेला तुकडाही आठवण म्हणून उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे, त्यामुळे तो बाळगणे गुन्हा आहे.

रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावे. तेथून मालवण साधारण 30 किलोमीटर आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात, आणि पाऊस संपल्यावरही गाळ बसायला वेळ लागतो, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला योग्य वाटतो. ज्यांना पाण्यात उतरायचे नाही त्यांनी पूर्ण ओहोटीला दांडी किनाऱ्यावरून पद्मगडाकडे चालत जावे, मात्र भरतीची वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्यावी आणि खडकांतल्या डबक्यांत पाय न घालता वाळूवरूनच परतावे.