चोरीची गाडी सापडली, मग क्लेम कसा मिटवला

12 जानेवारी 2025 ला पहाटे दूधवाल्यानं बेल वाजवून विचारलं, “मॅडम, साहेब गाडी घेऊन गावाला गेले का?” परभणीत वसमत रोडजवळच्या आमच्या गल्लीत दारासमोर लावलेली गाडी जागेवर नव्हती. लगेच 112 ला फोन केला. दुपारपर्यंत एफआयआर झाला, संध्याकाळच्या आत विमा कंपनीला फोन आणि ईमेल गेला, दुसऱ्या दिवशी आरटीओत अर्ज दिला. कंपनीनं दोन्ही मूळ चाव्या मागितल्या, त्याही दिल्या. इथपर्यंतचं सगळं कुणीही सांगतं. मला लिहायचंय ते पुढचं.

चोरीच्या क्लेममध्ये पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत, मिळते. आमची 3,60,000 होती. पण पोलिसांनी तपास थांबवून ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, पाठवावी आणि कोर्टानं ती मंजूर करावी, त्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही. एप्रिलमध्ये समरी कोर्टात जायच्या बेतात होती आणि तपास अधिकाऱ्यांचा फोन आला, “मॅडम, सापडली तुमची गाडी. निजामाबाद जिल्ह्यात.”

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. रात्री मात्र झोप लागली नाही. दुसरी गाडी बघायला आम्ही सुरुवात केली होती. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, महिन्यातून दोनदा नांदेडला दवाखान्यात न्यावं लागतं आणि तीन महिने आम्ही भाड्याच्या गाड्या करत होतो. सासूबाईंचं म्हणणं एकच, चोरांनी वापरलेली गाडी दारात नको, पैसेच घ्या. दादा म्हणाले, “गाडी आपलीच हाय बाई. आधी जाऊन तर बघ.”

आमच्या पोलिसांनी गाडी आणून ठाण्याच्या आवारात उभी केली. मी गेले तेव्हा उन्हाचा नुसता फुफाटा होता. नंबर प्लेट तेलंगणची, खोटी. दार उघडलं तर गुटख्याचा वास. स्टिअरिंगखालचं लॉक उचकटलेलं आणि तारा काळ्या टेपनं एकत्र गुंडाळलेल्या. मागचं सीट काढून टाकलेलं. बॅटरी नाही, स्टेपनी नाही, म्युझिक सिस्टीमच्या जागी भोक. चारही टायर गुळगुळीत, आमचे नव्हतेच ते. शेवटच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर 41,312 किलोमीटर होते आणि ती डिसेंबरमध्येच केली होती. आता मीटर 47,906 दाखवत होतं.

सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, गाडी सोडवायला वकिलांनी भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 497 आणि 503 खाली अर्ज केला. जप्त वाहनं ठाण्यात सडवत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलेलं आहे, त्याचा दाखला जोडला. बंधपत्र, फोटो, दोन तारखा, आणि गाडी मिळाली. हे काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

अवघड होतं ते कंपनीचं. तिथून कळलं, गाडी सापडली म्हणजे चोरीचा क्लेम संपला, आता हा नुकसानीचा क्लेम. आयडीव्ही पूर्ण मिळायला दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर जावा लागतो. आमच्यासाठी ती रेघ 2,70,000 वर होती आणि वर्कशॉपचं एस्टिमेट होतं 1,94,000. म्हणजे सासूबाईंची वाट तिथेच बंद झाली. तसंही पूर्ण रक्कम मिळाली असती तर आधी बँकेचं 1,58,000 कर्ज फिटलं असतं आणि हातात दोन लाख उरले असते. तेवढ्यात धड गाडी येत नाही.

उरल्या दोन वाटा. वर्कशॉपमध्ये दुरुस्ती करून घ्यायची, नाहीतर रोख रक्कम घेऊन गाडी आहे तशी ठेवायची. कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरनं रोख आकडा सांगितला, 92,000. “सही करा मॅडम, आठवड्यात पैसे खात्यात.” डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे क्लेम मिटल्याची पावती, समोर होतं, त्यावर ‘फुल अँड फायनल’ लिहिलेलं. मी जवळजवळ सही केली होती. पाच महिने त्याच त्याच खेपा घालून माणूस थकतो आणि नेमकं तेव्हाच पेन हातात दिलं जातं.

मी विचारलं, 92,000 कसे काढले? तेव्हा कळलं की बॅटरी, स्टेपनी, म्युझिक सिस्टीम, मागचं सीट आणि टायर धरलेच नव्हते. कारण? या वस्तू चोरांनी नेल्या की ठाण्याच्या आवारातून गेल्या, याला पुरावा नाही.

पुरावा होता. तेलंगणच्या पोलिसांनी गाडी धरली त्या दिवशीचा जप्ती पंचनामा आमच्या फाइलीत होता. फक्त तो तेलुगूत होता, त्यामुळे ना सर्व्हेअरनं वाचला, ना मी. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर धर्माबादचं. घरात तेलुगू बोलतात आणि आजोबांनी त्यांना लिपीही शिकवलेली. मधल्या सुट्टीत त्यांनी चष्मा लावून दोन पानं एकेक ओळ वाचून दाखवली. बॅटरी नाही. स्टेपनी नाही. मागील आसन नाही. टायर झिजलेले, वेगवेगळ्या कंपन्यांचे. गाण्यांचा टेप काढलेला. सगळं होतं त्यात. त्या हवालदारानं रस्त्याच्या कडेला उभं राहून किती नेटानं लिहिलं असेल! त्याचं नावही मला माहीत नाही, पण त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

वकिलांमार्फत मराठी भाषांतर नोटरी करून घेतलं आणि कंपनीला लेखी पत्र दिलं. गाडीवरचे टायर आमचे नाहीत हे दाखवायला त्यात आमच्या नेहमीच्या टायरवाल्याचं बिलही जोडलं. दुसरा सर्व्हे झाला आणि सगळं मान्य झालं.

मग हिशेब असा. टायर, बॅटरी, प्लास्टिक, रबर अशा 62,000 च्या वस्तूंवर निम्मा घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, कापला जातो, 31,000. गाडी तीन ते चार वर्षांमधली, म्हणून बाकीच्या 84,000 च्या सुट्या भागांवर 25 टक्के, 21,000. मजुरी 30,000, तिच्यावर घसारा नाही. रंगकामाच्या 18,000 पैकी चौथा हिस्सा सामान धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, 2,250. वरून सक्तीची 1,000 वजावट. आम्हाला भरायचे 55,250 आणि कंपनीचे 1,38,750. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं असतं तर यातलं बरंचसं वाचलं असतं, पण तिसऱ्या वर्षी हप्ता वाचवायला मीच ते काढून टाकलं होतं.

घरी सगळ्यांसमोर कागद ठेवला. रोख 92,000 घेऊन बाहेर स्वस्तात काम करून घ्यावं, असं यांना वाटत होतं. मला लॉक, वायरिंग आणि टायर यांत काटकसर नको होती. त्या गाडीत दादा बसतात. सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “मागचं सीट नवंच टाका पण.” दुरुस्तीच ठरली. रोख द्यायचं की दुरुस्ती, हे ठरवायचा हक्क पॉलिसीत कंपनीनंही राखलेला असतो, त्यामुळे आमचा निर्णय लेखी कळवला आणि त्यांचा होकारही ईमेलवर घेतला.

जुलैअखेर गाडी घरी आली. लॉकसेट पूर्ण नवा, एचएसआरपी नंबर प्लेट नवी. 35 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, गेला, त्याची तयारी होती. एक गोष्ट मात्र राहून गेली होती. आरटीओच्या नोंदीत गाडी अजून चोरीचीच होती. कोर्टाचा आदेश आणि ठाण्याचं पत्र दिल्यावर 19 ऑगस्टला ती नोंद निघाली, तोवर मी गाडी परभणीबाहेर नेली नाही.