मधली शीर कोणाकडे?

बाबांना लिव्हर द्यायचं म्हटल्यावर घरात दादाचंच नाव पुढे होतं. दारू नाही, रोज जिम, रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण सीटी स्कॅनवर मापं काढली आणि डॉक्टरांनी साफ नकार दिला. उजवा भाग काढून घेतला असता तर त्याच्याकडे जेमतेम 28 टक्के लिव्हर उरत होतं. निदान 30 तरी उरावं लागतं, 35 असेल तर उत्तम. डावा भाग घ्यावा तर तो बाबांना पुरणारा नव्हता. "अहो, पण मी फिट आहे," दादाचं आपलं चालूच.

मग मी. सीटीच्या अंदाजानं माझा उजवा भाग 740 ग्रॅम, डावा 410. बाबांचं वजन 78 किलो, त्याच्या 0.8 टक्के, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम तरी लिव्हर हवं. तेवढं जमत होतं. "थोडं कमी पडलं तर काय होतं?" आईनं विचारलं. आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतून येणारा रक्ताचा लोंढा लहान तुकड्याला सोसत नाही, असं उत्तर मिळालं. कावीळ उतरत नाही, पोटात पाणी साठत राहतं.

सगळे विचारतात, किती कापणार? खरी घासाघीस होती शिरांवर. लिव्हरमधलं रक्त तीन मोठ्या शिरांनी बाहेर पडतं, आणि कापायची रेघ मधल्या शिरेला लागूनच जाते. डॉक्टर लिव्हरचे आठ खंड धरतात. ती शीर बाबांना दिली तर माझ्याकडे उरणाऱ्या चौथ्या खंडात रक्त तुंबण्याची भीती; माझ्याकडे ठेवली तर त्यांच्या पाचव्या-आठव्या खंडात. 1996 साली हाँगकाँगला मोठ्या माणसांसाठी उजवा भाग वापरायला सुरुवात झाली, तेव्हा मधली शीरही सोबत घेतली होती. आमच्या सर्जननी रिपोर्टच्या पाकिटावर चित्र काढलं: शीर माझ्याकडेच राहणार. काढलेलं लिव्हर थंड द्रावणात ठेवून, त्या दोन खंडांच्या फांद्या तिथेच टेबलावर गोअर-टेक्सच्या कृत्रिम नळीला शिवायच्या आणि नळीचं तोंड बाबांच्या महाशिरेला, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेला, जोडायचं. "आधी तुमची सुरक्षितता, मग त्यांची सोय," ते म्हणाले. बाबा समोरच बसले होते. त्यांनी जोरात मान डोलावली.

कायद्यानं मुलगी जवळची नातलग, त्यामुळे कागदपत्रांचं काम फार अडलं नाही. मुलाखतीच्या वेळी मात्र नवऱ्यालासुद्धा बाहेर काढलं. "मनात नसेल तर सांगा, घरच्यांना आम्ही फक्त 'वैद्यकीयदृष्ट्या जमत नाही' एवढंच कळवू." ही पळवाट मुद्दाम ठेवलेली असते, आणि ठेवायलाच हवी. आमच्याकडे लेकीला नाही म्हणायला जागा कुठे असते?

ऑपरेशनचं मला काय आठवणार! शेजारच्या थिएटरमध्ये बाबांचं जुनं लिव्हर सोडवलं, महाशीर जागेवरच ठेवली. आधी शिरा जोडल्या, मग भिंगाखाली धमनी, शेवटी पित्तनलिका. माझ्या उजव्या भागाच्या पित्तनलिकेला दोन तोंडं निघाली. जवळजवळ होती म्हणून ती एकत्र शिवून बाबांच्या नलिकेला जोडली.

रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या रोजच्या डॉपलर सोनोग्राफीत नळीसकट सगळ्या रक्तवाहिन्या वाहत्या राहिल्या. त्रास दिला तो पित्तानं. काही महिन्यांनी तो जोड आवळला, डोळे पिवळे झाले, एंडोस्कोपीनं स्टेंट घालावा लागला. तो अधूनमधून बदलतात. बाबांची तक्रार एकच, त्या दिवशी सकाळचा चहा मिळत नाही.