दादाचा बूट

दादा प्रभूकडे गेला त्याला आता आठ महिने झाले. त्याचे कपडे वहिनींनी दोन महिन्यांतच देऊन टाकले. चष्म्याची फ्रेमही कुणाच्या तरी उपयोगी पडली. बूट मात्र दाराशीच राहिले. ते द्यायचे तरी कुणाला? उजव्या बुटाचा सोल साधा आणि डाव्याचा चांगला तीन बोटं जाड. दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला, डावा पाय बारीक आणि आखूड राहिला, आणि पुढची ४७ वर्षं तो त्या जाड सोलावर चालला. जिन्यावर त्याचं पाऊल वाजलं की घरात कुणी ‘कोण आहे’ म्हणून विचारत नसे. एक हलका आवाज, मग एक जड. टप्, ठक्. टप्, ठक्.

त्याच्या धाकटीने, नऊ वर्षांची आहे ती, त्या बुटांकडे बघत मला विचारलं, “काका, बाबांचा पाय तिकडे बरा झाला असेल ना?”

मी ताबडतोब ‘हो’ म्हणालो. रात्री मात्र झोप लागली नाही. गेली बावीस वर्षं मी चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो आहे. मला ठाऊक होतं की आपण पोरीला घाईघाईत उत्तर देऊन मोकळे झालो. ‘तिकडे’ म्हणजे कुठे? आणि पाय बरा व्हायला तिकडे पाय आहे का? त्याचा पाय तर आम्ही आमच्या हातांनी मातीत ठेवून आलो.

भेटायला येणारी माणसं मनापासून बोलत होती, त्यांचा राग नाही. पण त्यांचं बोलणं ऐकून मी अस्वस्थ होत होतो. कुणी म्हणे, “तो आता देवदूत झाला.” कुणी म्हणे, “शरीर काय, नुसतं कवच. खरा तो सुटला.” आमच्या विश्वासात यातलं काहीही नाही. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, माणूस मेल्यावर देवदूत होत नाही, माणूसच राहतो. आणि शरीराला कवच म्हणणारे ग्रीक लोक होते. येशूचा प्रेषित पौल अथेन्समध्ये अरियपगावर बोलला ते बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात १७ व्या अध्यायात आहे. तिथले ऐकणारे ‘मेलेल्यांचे पुनरुत्थान’ हे शब्द कानांवर पडेपर्यंत शांत होते. ते शब्द आले आणि काहीजण टिंगल करू लागले. आत्मा अमर आहे एवढंच पौल म्हणाला असता तर कितीतरी जणांनी माना डोलावल्या असत्या. त्यांना अडलं ते शरीर. मेलेलं शरीर देव पुन्हा उठवणार, हे त्यांना हास्यास्पद वाटलं.

आणि आम्ही दर रविवारी उभं राहून मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, तेच म्हणतो, की शरीराच्या पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे. मी हे वाक्य लहानपणापासून म्हणत आलो, पण दफनाच्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या घशात अडकलं. कारण त्या दिवशी ‘शरीर’ म्हणजे दादाचं शरीर होतं.

आधी ‘आता’चं बोलतो. दादा या घडीला कुठे आहे? शास्त्र याबद्दल फारच थोडं सांगतं, आणि जे सांगतं त्यात जागेचं वर्णन जवळजवळ नाहीच. आपल्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला येशू म्हणाला, “तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.” सुखलोक कसा आहे ते सांगितलं नाही. ‘आज’ सांगितलं आणि ‘माझ्याबरोबर’ सांगितलं. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की येथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं हे फार चांगलं. पुन्हा तेच, कुणाजवळ. मी पोरीला खरं तर एवढंच सांगायला हवं होतं.

तोच पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, इ.स. ५० च्या सुमारास लिहितो तेव्हा गेलेल्यांना ‘झोपी गेलेले’ म्हणतो. त्या मंडळीची अडचण आमच्यासारखीच होती. प्रभू येईल म्हणून वाट बघत बसले होते आणि मध्येच त्यांची माणसं मरू लागली. मग ती मागे राहणार का? पौल म्हणतो, नाही, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील. या झोपेच्या शब्दामुळेच ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला ग्रीकमध्ये ‘कोइमेटेरियन’ म्हटलं, म्हणजे निजण्याची जागा, आणि इंग्रजीतला सेमेटरी हा शब्द तिथूनच आला. आपणही ‘प्रभूत निजला’ असंच म्हणतो. आता झोप म्हणजे आत्म्यालाही काही भान नाही, की शरीर निजलं आहे आणि आत्मा प्रभूजवळ जागा आहे, यावर मंडळ्यांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर मृत्यूबद्दल झोप म्हणून फार मायेने लिहितो. दुसरा सुधारक कॅल्व्हिन, त्याने तर तरुणपणी, १५३४ मध्ये, आत्मा झोपत नाही हे सांगायला एक अख्खा ग्रंथ लिहिला. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी आजही पुनरुत्थानापर्यंत झोपच मानते.

मला धीर दिला तो एका पोपच्या गोष्टीने. बाविसावा जॉन ॲव्हिन्योमध्ये १३३१ च्या सर्व संतांच्या सणाला प्रवचनात म्हणाला की गेलेल्या संतांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं समोरासमोर दर्शन होत नाही. मोठा वाद उठला. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्याने आपलं म्हणणं मागे घेतलं, आणि १३३६ मध्ये त्याच्यानंतरच्या बाराव्या बेनेडिक्टने अधिकृतपणे ठरवलं की शुद्ध झालेले आत्मे पुनरुत्थानाआधीही देवाला पाहतात. पोपपदावर बसलेला, नव्वदीच्या आसपासचा म्हातारा मरणाच्या दारात या प्रश्नाशी झगडत होता. मग मी एका रात्रीत उत्तर काढीन असं मला का वाटावं?

वहिनी कॅथलिक घरातल्या. त्या दादाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबरला त्याचं नाव घेऊन मिस्सा अर्पण करवणार आहेत. मी प्रोटेस्टंट, आमच्यात मृतांसाठी प्रार्थना नाही. पूर्वी मी यावर दादाशी वाद घातला आहे. एक गोष्ट मात्र वहिनींकडून शिकलो. परगेटरी म्हणजे मेल्यावर मिळणारी दुसरी संधी असं मी समजत होतो. ते तसं नाही. त्यांच्या मंडळीची शिकवण अशी की तिथे असलेला प्रत्येकजण तारलेलाच आहे, फक्त देवासमोर जाण्याआधी त्याची शुद्धी व्हायची आहे. मला हे अजून पटत नाही, कारण वधस्तंभावरच्या त्या चोराला ‘आज’ हा शब्द मिळाला. पण त्या गुडघे टेकून दादाचं नाव घेतात तेव्हा मी आता शेजारी गप्प बसतो.

हे झालं मधल्या काळाचं. तो मधलाच काळ आहे, हे आपण फार विसरतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या ६ व्या अध्यायात, वेदीखाली असलेले हुतात्म्यांचे आत्मे देवाला हाक मारून विचारतात, कुठवर? त्यांना शुभ्र झगे मिळतात आणि सांगितलं जातं की अजून थोडा वेळ विसावा घ्या. म्हणजे तिकडेही वाटच बघतात. दादा स्वर्गात गेला आणि गोष्ट संपली, असं आमचा विश्वास म्हणत नाही. तोही आमच्यासारखाच त्या दिवसाची वाट बघतो आहे. फरक एवढाच की तो प्रभूजवळ बसून बघतो आहे.

आता पायाचं.

पौलाने करिंथकरांना दाण्याचं उदाहरण दिलं. आपण पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते वेगळंच दिसतं, पण उगवतं त्याच दाण्यातून. “अशक्तपणात पेरले जाते, सामर्थ्यात उठवले जाते.” पुढे तो ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणतो, आणि तिथे पुष्कळांचा घोटाळा होतो. त्यांना वाटतं धुरासारखं, हात घातला तर आरपार जाईल असं काहीतरी. पण येशू उठला तेव्हा शिष्यांनाही तसंच वाटलं, की भूतच दिसतंय. तो म्हणाला, मला चाचपून पाहा. मग विचारलं, खायला काही आहे का? आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. देवाच्या आत्म्याने जिवंत ठेवलेलं शरीर, असा त्या शब्दांचा अर्थ.

मला मात्र दुसराच प्रश्न सतावत होता, आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता. पाय बरा झाला तर मी त्याला ओळखू कसा? माझ्यासाठी दादा म्हणजे ती चाल. मी सहा वर्षांचा असताना शाळेतून घरी येताना मुद्दाम त्याच्या लयीत चालायचो.

चर्चचा मोठा आचार्य ऑगस्टिन याने पाचव्या शतकात ‘देवाचं नगर’ हा ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटच्या, २२ व्या भागात तो अगदी अशाच प्रश्नांची उत्तरं देतो. लहानपणी मेलेलं मूल कोणत्या वयाचं होऊन उठेल? कापलेल्या केसांचं आणि नखांचं काय? तो कुठलाही प्रश्न क्षुल्लक म्हणून झटकत नाही, आणि मला त्याबद्दल त्याचं फार प्रेम वाटतं. तो म्हणतो की शरीरातलं व्यंग सगळं जाईल. पण हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा कदाचित राहतील, आणि त्या कुरूप न वाटता त्यांच्यावर शोभतील. का, तर आपलं त्यांच्यावर इतकं प्रेम आहे की त्या खुणा आपल्याला बघायच्या आहेत. येशूच्या हातांतले खिळ्यांचे व्रण तर राहिलेच. शिष्य थोमाने त्याला ओळखलं ते त्यांवरून.

मी ते वाचून हरखलो. मनात म्हटलं, मग दादाची चालही राहील. तो काही हुतात्मा नव्हता, आजार होता तो, हे मला कळत होतं. तरीही मी जुन्या करारातल्या याकोबाची साक्ष काढली. देवाशी रात्रभर झोंबल्यावर याकोब लंगडत निघाला आणि त्याच्यावर सूर्य उगवला. लंगडणं हाच त्याला मिळालेल्या आशीर्वादाचा पुरावा. माझं जवळजवळ ठरलंच होतं.

मग एका संध्याकाळी वहिनींनी मला दादाचं पवित्र शास्त्र दिलं, “भाऊजी, हे तुमच्याकडेच असू दे.” दादाला पानावर खुणा करायची सवय नव्हती, पुस्तक घाण होतं म्हणायचा. मी पानं उलटत गेलो, सगळी कोरी. यशयाच्या ३५ व्या अध्यायाशी आलो. सहाव्या वचनाशेजारी समासात पेन्सिलीची एक बारीक, सरळ, पट्टीने मारावी तशी रेघ. ‘तेव्हा लंगडा हरिणाप्रमाणे उड्या मारील.’ खाली इवल्याशा अक्षरात तारीख. हिशेब केला तर तो तेव्हा १७ वर्षांचा होता. पेन्सिल पुसट झाली होती, पण कागदावर तिचा दाब बोटाला अजून लागत होता.

आम्ही भाऊ एका खोलीत वाढलो. पायाबद्दल तो कधी, एकदाही, काही बोलला नाही. मला वाटायचं त्याला त्याचं काही नाही. आणि मी त्याची चाल स्वर्गात जपून ठेवायला निघालो होतो, कारण ती मला ओळखायला सोपी जाते म्हणून.

त्या रात्री मी खूप रडलो. आठ महिन्यांत तसा रडलो नव्हतो. “तो प्रभूजवळ आहे, रडायचं नाही,” असं सांगणारे भेटले होते, आणि मी ऐकलंही होतं. पण मेलेल्या लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला. थोड्याच वेळात त्याला उठवणार आहे हे माहीत असूनही रडला. योहान तिथे एक ग्रीक क्रियापद वापरतो, एंब्रिमाओमाइ. घोड्याच्या फुरफुरण्यालाही तोच शब्द आहे. दुःखाबरोबर संतापही आहे त्यात. पौल मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो, मित्र किंवा सुटका म्हणत नाही. थेस्सलनीकाकरांनाही त्याने ‘दुःख करू नका’ एवढंच सांगितलेलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं करू नका, असं सांगितलं.

ओळखण्याचं म्हणाल तर कबरेजवळच्या बागेत मग्दालीया मरीयेने उठलेल्या येशूला पाहिलं आणि तिला तो माळी वाटला. चेहरा समोर असून ओळख पटली नाही. तो ‘मरीये’ म्हणाला आणि पटली. दादा मला घरातल्या नावाने हाक मारायचा. ते नाव मी इथे लिहीत नाही. आता ते घेणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला बोलावून सांगितलं, “मी तुला घाईत उत्तर दिलं होतं. बाबा आत्ता येशूजवळ आहेत, आणि वाट बघत आहेत. पाय त्या दिवशी मिळेल, आपल्या सगळ्यांना शरीरं मिळतील तेव्हा.” मग तिला ती पेन्सिलीची रेघ दाखवली. तिने वचन मोठ्याने वाचलं, अडखळत, आणि विचारलं, “बाबांना उड्या मारायच्या होत्या?”

“हो.”

ती काही बोलली नाही. उठून दाराशी गेली आणि त्या बुटांत आपले दोन्ही पाय घातले. बूट तिला किती मोठे, तिचे पाय आत सैल हलत होते. भिंतीला हात धरून ती खोलीभर चालली. टप्, ठक्. टप्, ठक्.

स्वयंपाकघरातून वहिनी धावत बाहेर आल्या.