आधी कुणाचा फोन घ्यायचा? आमची वाटचाल

लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करायचं, एवढ्याच कामावर आमची कंपनी सुरू झाली. पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा मालविक्रीच्या हिशोबाचा कागद), हमाली, तोलाई, बाजार फी, खरेदीदाराचं बिल आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. पुढे कृषी सेवा केंद्रं आली, मेडिकलवाले आले, गंजगोलाईतले किराणा होलसेलवाले आले. सॉफ्टवेअर विकणं त्या मानानं सोपं होतं. विकल्यानंतर येणारे फोन हाच खरा धंदा, हे १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर पुरतं समजलं.

तोवर एका वहीवर भागत होतं. फोन येईल तसा लिहायचा, त्याच क्रमानं सोडवायचा. बिलावर दुकानाचं नाव ठळक येत नाही म्हणणारा आधी, आणि "ओ सर, पट्टी निघंना झालीय, शेतकरी उभाय बघा" म्हणणारा त्याच्या मागं. जीएसटीनंतर सगळ्यांचेच फोन एकदम सुरू झाले आणि वही बंद करावी लागली.

मग फोन घेणाऱ्या पोरांना तीन प्रश्न पाठ करायला लावले. काम थांबलंय का? दुकानात समोर कुणी ताटकळतंय का? तोवर हातानं बिल फाडून भागेल का? ग्राहक किती मोठा, किती जोरात बोलतो, मालकाच्या ओळखीचा आहे का, हे विचारायचंच नाही. सौदा झाल्यावर पट्टी अडली तर ते काम सगळ्यात वर. बिघाड प्रिंटरचा असला तरी वरच. आपलं सॉफ्टवेअर बरोबर आहे हे ऐकून शेतकऱ्याच्या हातात पैसे पडत नाहीत.

यात तारखेचाही हिशोब असतो. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, जुळत नाही असा फोन महिन्याच्या ३ तारखेला आला तर उद्यावर ढकलता येतो. ११ तारखेला, म्हणजे भरण्याच्या शेवटच्या दिवशी, तोच फोन वर जातो. २० तारखेला जीएसटीआर-३बीचं, म्हणजे कर भरायच्या रिटर्नचंही तसंच, कारण उशीर झाला की रोज दंड चढतो. मृगाच्या तोंडावर बी-बियाणं आणि खतवाल्यांचा साधा वाटणारा फोनही आम्ही अर्जंट धरतो. दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची आवक वाढली की आडतवाले पुढं. येळवसेला (वेळ अमावस्येला) मात्र फोन वाजतच नाहीत. सगळा जिल्हा शेतात असतो, आम्हीही आंबील प्यायला गेलेलो असतो.

सगळ्यात घातक फोन शांत आवाजात येतो. "काही घाई नाही दादा, सवडीनं बघा, कालची विक्री आज दिसत नाही." आमच्या टीममध्ये हा एकच फोन पट्टीच्याही आधी घेतात. डेटा फाईल बिघडलेली असू शकते, आणि तो माणूस सवयीनं त्याच पेन ड्राइव्हवर पुन्हा बॅकअप घेऊन चांगली प्रत पुसून टाकू शकतो. म्हणून त्याला आधी एकच सांगायचं: सॉफ्टवेअर बंद करा, पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा, बाकी आम्ही बघतो.

असाच धडा २२ सप्टेंबर २०२५ ला मिळाला. घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली. बिल निघेना म्हणणाऱ्यांचे फोन आपोआप वर आले. पण अपडेट न घेतलेल्या दुकानांतून फोनच येत नव्हता. तिथं बिलं झकास निघत होती, जुन्या दरानं. थांबलेलं काउंटर दिसतं तरी, चुकीचं चालणारं काउंटर रिटर्न भरेपर्यंत कुणाला दिसत नाही. म्हणून टीममधल्या दोघींना दुसरं काही न देता, अशा दुकानांना आपणहून फोन करायला बसवलं.

एका गोष्टीवरून घरातच वाद आहे. एएमसी (वर्षाचा देखभाल करार) संपलेल्या ग्राहकाला रांगेत घ्यायचं का? माझा भाऊ हिशोब बघतो, तो म्हणतो, पैसे भरणाऱ्यानं मग का भरावेत? त्याचं चूक नाही. सध्या असं ठरलंय: काम ठप्प असेल तर आधी चालू करून द्यायचं, पावतीचं संध्याकाळी बोलायचं, नवीन रिपोर्ट, नवीन फॉरमॅट मात्र एएमसी भरल्याशिवाय नाही. काही जण याचा फायदा घेतात. "ठप्प झालंय" म्हणतात आणि स्क्रीनवर बघावं तर लोगो बदलायचा असतो.

सरकारी पोर्टलच बंद पडलं तर आम्ही काही करू शकत नाही, पण कळवतो लगेच. पूर्वी ई-वे बिल (माल वाहतुकीला लागणारं ऑनलाइन बिल) निघत नाही म्हणून एकामागून एक फोन यायचे आणि प्रत्येकाला तेच सांगण्यात दुपार जायची. आता ते सगळे फोन एकाच कामाखाली नोंदवतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप जातो. उत्तर कधी देणार आणि काम कधी करून देणार, या दोन वेळा वेगळ्या सांगायच्या, हेही तेव्हापासून सुरू झालं. दहा मिनिटांत कुणीतरी बोलेल, दुरुस्ती चारपर्यंत, असं स्पष्ट सांगितलं की मालक पुन्हापुन्हा फोन करत नाही.

राहता राहिली ती बारकी कामं. ठळक नाव, शिल्लक साठ्याचा वेगळा रिपोर्ट, मराठी फॉन्ट. घाईच्या कामांपुढं त्यांचा नंबर कधीच लागला नसता. म्हणून आठवडा उलटला की अशी विनंती एक पायरी वर चढते, आणि शनिवारी दुपारनंतर एक जण फक्त तीच कामं करतो, यार्डातून फोन आला तरी त्याला उठवायचं नाही.