जनरेटर घराबाहेरच, तोही लांब

लाईट गेली की पाऊस असो वा चोरीची भीती, बरेच जण जनरेटर गॅलरीत नाहीतर गॅरेजचं शटर अर्धं उघडं ठेवून आत लावतात, आणि हे मला खरंच बघवत नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला ना रंग ना वास, आधी नुसतं डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं थकवा असेल म्हणून तो आडवा होतो आणि झोपेतच जीव जातो. खिडकी उघडून, पंखा लावून काही होत नाही. घरापासून किमान 20 फूट लांब ठेवा, सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला करा, आणि घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म लावाच, हा खर्च टाळू नका प्लीज.

पेट्रोल भरताना मशीन बंद करून थंड होऊ द्या, गरम इंजिनवर सांडलं तर भडका उडतो.

आणि दोन्हीकडे पिन असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्ख्या घराला सप्लाय देणं तर अजिबात नको, तो करंट उलटा बाहेरच्या लाईनमध्ये जातो, ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज वाढतं आणि खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसतो. त्यापेक्षा चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराची वायरिंग बाहेरच्या लाईनपासून तोडून जनरेटरला जोडणारा स्विच, इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.